शेंडा वर, तोंड आपल्याकडे

४ मार्च

त्या सकाळी मी दूध तापवलं आणि उतू जायच्या आत गॅस बंद केला. पाणी भरलं. ह्यांचा चष्मा पुसून परत कपाटावर ठेवला. मास्तरांच्या दुकानातून आणलेले बारा सदरे मांडीवर घेऊन बटणं लावायला बसले. चौथ्या सदऱ्याच्या कॉलरपाशी होते, तेवढ्यात दाराखालून पाकीट आत सरकलं. मी दोरा दाताने तोडला आणि सुई कुठे टोचली ते न बघताच उठले. ती संध्याकाळी माझ्याच पदरात सापडली.

पाकिटात नेहमीसारखा कोरा कागद होता, चार घड्यांचा. बाहेर एकच तिकीट होतं. दाभणासारखा लांब, निमुळता शंख, त्याच्यावर तपकिरी ठिपके आणि शेंडा खाली. मी म्हटलं, "कार्टीला अजून एक तिकीट सरळ लावता येत नाही." घरात कोणी नव्हतं, तरी मोठ्याने म्हटलं.

मग पद्धतशीर सगळं केलं. तिकिटाभोवती दोन बोटं कागद ठेवून कोपरा कापला. वाटीत कोमट पाणी घेतलं आणि तुकडा वर तोंड करून पाण्यावर सोडला. ओढायचं नाही. कागद तिकिटाला आपणहून सोडतो, आपण फक्त बसून राहायचं. सुटलं तसं चिमट्याने उचलून टिपकागदावर ठेवलं, वर शब्दकोश ठेवला. दुसऱ्या दिवशी अल्बममध्ये लावलं, शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे. उरलेल्या पाकिटावर वाणसामानाची यादी लिहिली आणि सामान आल्यावर ते फेकून दिलं.

गोगी, ही मी आई लिहिते आहे. वर जे लिहिलं ते मागच्या ऑगस्टमधलं. तुला प्रश्न पडला असेल की तिकीट सोडवायचं काम आईकडे कधीपासून आलं.

तुझे बाबा गेले. एकोणीस महिने झाले. ती सकाळ उजाडली तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं.

वाक्य लिहून झालं. मला वाटलं होतं हात थांबेल, पण थांबला नाही.

ते गेल्यावर तुझी तीन पाकिटं आली, आणि तिन्हींना उत्तर गेलं. "मिळालं. छान आहे. बाबा." ती तिन्ही कार्डं मी लिहिली. त्यांची कार्डं पेटीत टाकायला मीच जायचे, त्यामुळे त्यांचं अक्षर माझ्या डोळ्यांत बसलेलं होतं. 'छ' मात्र जमत नव्हता. ते 'छ'ला शंखासारखा वेटोळा द्यायचे. मास्तरांच्या मापाच्या कागदांमागे मी चाळीसेक 'छ' काढले असतील. मास्तर म्हणाले, "वहिनी, हे गिऱ्हाइकाचं माप आहे की जादूटोणा?"

का केलं, तर पाकिटं त्यांना यायची, मला नाही. ते नाहीत हे कळलं असतं तर तू कोणाला पाठवली असतीस?

आता ऑगस्टनंतर काहीच आलेलं नाही. सात महिने झाले. ज्याची भीती होती ते झालंच, आणि खोटेपणा वर राहिला.

हे पत्र उद्या टाकते.


१२ मार्च

टाकलं नाही. शाळांच्या गणवेशाचं काम आलं होतं असं कारण मी स्वतःला सांगितलं. पण पोस्ट दुकानाच्या वाटेवरच आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते.

ते कसे गेले हे तुला कळायला हवं. छाती भरली होती. तीन आठवडे अंथरुणावर होते. चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून छातीत काय साठलं असेल ते असेल, डॉक्टरांनी काही वेगळंच नाव सांगितलं. शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाले, "गोगीला कळव."

"कळवते."

"आज."

"आजच कळवते."

दुपारी पुन्हा विचारलं, "कळवलंस?" मी म्हटलं, "हो, टाकून आले." त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. त्या सकाळपासून दाराशी जागच्या जागी होत्या. पन्नास वर्षं काचेतून बघितलेल्या माणसापासून काय लपणार?

मी का नाही कळवलं? मला वाटलं, तू आलीस तर त्यांच्यासाठी येशील. त्यांच्या उशाशी बसशील आणि ते गेल्यावर माझ्याकडे न बघता निघून जाशील. आणि तू आली नाहीस, तर ते डोळे मिटण्याआधी त्यांना ते कळेल. दोन्ही मला नको होतं. म्हणून मी तिसरंच केलं, काहीच केलं नाही.

तू गेलीस तो दिवस तुला जेवढा आठवतो तेवढाच मलाही आठवतो. स्वयंपाकघराच्या दारात तू उभी होतीस, पायाशी ती निळी बॅग.

"आई, त्याची पहिली बायको त्याला सोडून गेली. त्याने नाही सोडलं."

"मग तीच शहाणी म्हणायची. बोटीवरचा मेकॅनिक, आज या बंदरात, उद्या त्या."

"मी पण जाणार आहे बोटीने."

"जा. पण पुन्हा या घराला तोंड दाखवू नकोस. फुटकी कवडी मिळणार नाही तुला इथून."

आणि तुझे बाबा टेबलापाशी, चिमट्यात तिकीट धरून, काय म्हणाले आठवतं? "अगं, जरा हळू. तिकीट उडेल." आपण दोघींनी एकदमच त्यांच्याकडे रागाने पाहिलं. त्या दिवशी आपण एका बाजूला होतो ती तेवढीच वेळ.

चार महिने काही नाही. मग कुठल्याशा बेटावरून तुझं पहिलं पाकीट आलं, आणि तिकिटावर कवडी. पिवळसर, गुळगुळीत, आणि दात विचकलेली. हे इतके हसले की खोकला लागला. मला तिकीट दाखवून म्हणाले, "बघ, फुटकी नाही. अख्खी आहे." मी म्हटलं, "गोगलगाय आणि पोटात पाय." ते म्हणाले, "म्हणूनच तर बेटापर्यंत चालत गेली."

मी हसले नाही. आत जाऊन हसले. तेही तुला माहीत नाही.

त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही. एकदा मी म्हटलं, "लोक खरे शंख जमवतात, कानाला लावले की समुद्र तरी ऐकू येतो. तुमच्या तिकिटात काय ऐकू येतं?" तर म्हणाले, "पोस्टमन." तू गेल्यावर ते खरं झालं. दुपारी जिन्यात पावलं वाजली की आम्ही दोघं गप्प व्हायचो. अजूनही ती वाजली की मी शिवणं थांबवते.


२० मार्च

आज जे लिहायचं आहे ते लिहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

ह्यांची तिकिटांची वही तुला आठवत असेल, लांबट, कापडी पाठीची. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तुझा पत्ता आहे. कार्डं लिहिताना मी तेवढा उतरवून घ्यायचे. आतली पानं कधी उलटली नव्हती. ती त्यांची होती. पण काल म्हटलं, बघावं तरी, तू याआधी सर्वांत जास्त किती दिवस गप्प होतीस. सात महिन्यांएवढी कधी राहिली असशील तर मीही तेवढं थांबेन.

सर्वांत मोठा खंड पाच महिन्यांचा निघाला. तुला तेव्हा कावीळ झाली असावी असं ह्यांनी बाजूला लिहिलंय. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

वहीत चार रकाने आहेत. तारीख, देश, शंख. चौथ्या रकान्याला नाव नाही, पण त्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द आहे, 'सरळ'. तू पाठवलेल्या एकूण एक तिकिटापुढे सरळ, सरळ, सरळ. आमच्या धंद्यात सरळ म्हणजे कापडाचा धागा आडवा-उभा नीट असणं. मी समजले, तिकिटाला घडी पडलेली नाही असं म्हणायचं असेल. पानं मागे मागे उलटत गेले. अगदी पहिल्या पानावर सव्वीस वर्षांपूर्वीच्या तारखा आहेत. देश आपलाच. शंखाच्या जागी रेघ, कारण तिकिटं साधीच होती. चौथ्या रकान्यात सरळ, सरळ, सरळ. आणि मग हे:

"उलटं. दुसऱ्या दिवशी जाऊन आणली."

मी ते वाक्य बोट ठेवून वाचलं, चौथीपर्यंत शिकले तेव्हा वाचायचे तसं.

ते वर्ष तुझ्या लक्षात असणारच. मी छातीच्या दवाखान्यात होते आणि तुला आत्याकडे ठेवलं होतं. नऊ वर्षांची होतीस. दर आठवड्याला बाबांना पत्र लिहायचीस, "मी मजेत आहे, आत्या माझे लाड करते." आणि एक दिवस हे तुझा हात धरून दवाखान्याच्या खिडकीखाली येऊन उभे. मी वरून ओरडले, "शाळा बुडवून कशाला आणलीत तिला?"

"तिने बोलावलं."

"पत्रात तर लिहिलंय मजेत आहे म्हणून!"

"पत्र आत्या वाचते ना," हे म्हणाले. तू त्यांच्या मागे तोंड लपवून हसत होतीस.

मला तेव्हा काहीच कळलं नाही. काल कळलं. तुमची खूण होती. सरळ तिकीट म्हणजे ठीक आहे. उलटं म्हणजे, बाबा, मला न्यायला या. आत्याला तिकिटात काय वाचता येणार? आणि मलाही काय वाचता आलं? एवढी पुस्तकं वाचली मी, लायब्ररीतलं एक कपाट संपवलं, आणि अकरा वर्षं घरात येणारं पत्र मला वाचता आलं नाही. मी म्हणायचे, "कोरे कागद पाठवते मेली, दोन अक्षरं लिहायला काय होतं?" हे म्हणायचे, "लिहिलंय की." मला वाटायचं, आपल्या मनाची समजूत घालतायत.

आणि आता वर मार्चच्या चार तारखेला मीच काय लिहिलंय ते बघ. शेंडा खाली. मी तुला कार्टी म्हटलं ते त्यामुळेच, म्हणून पक्कं आठवतंय.

गोगी, तू हाक मारलीस. बाबा, या. मी ती पाण्यात भिजवली, टिपकागदाने टिपली, शब्दकोशाखाली दाबली, आणि सरळ करून लावली. मला सगळं सरळ लागतं. आणि वर बाबांच्या अक्षरात तुला कळवलं, "मिळालं. छान आहे."

तिथे काय झालं होतं? तो तुला सोडून गेला का? मारत होता का? तू आजारी होतीस? बंदरावर उभी राहिलीस का वाट बघत, तो एवढासा 'छान' येईपर्यंत?

अल्बम उघडून ते तिकीट बघायचं मला धाडस नाही. मला आज दुसरं काही लिहिता येत नाही.


२ एप्रिल

दहा-बारा दिवस मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. खात होते, कामाला जात होते. माणूस आतून उसवला तरी वरून उभा राहतो.

परवा मास्तरांनी एक सदरा माझ्यासमोर धरला. "वहिनी, हे काय? बटणं डावीकडे, काजं पण डावीकडे. हा सदरा घालायचा कोणी, आरशाने?"

मी म्हटलं, "उसवून देते."

"उसवून द्याल हो. पण चौतीस वर्षांत तुमच्या हातून असं झालं नाही. काय झालंय?"

"काही नाही."

"तुमचं 'काही नाही' म्हणजे मला दुकान बंद करायची पाळी. घरी जा. नाहीतर त्या लायब्ररीत जा, माहेर आहे ना ते तुमचं."

गेले. ग्रंथपाल मुलगी तुझ्याहून लहान आहे. पुस्तक उशिरा परत केलं तरी माझ्याकडून दंड घेत नाही आणि मी ओरडले की घेते. म्हणाली, "काकू, आज कुठली कादंबरी?"

"शंखांचं पुस्तक आहे का?"

"वाजवायचे शंख?"

"नाही गं. बघायचे."

मला कशासाठी हवं होतं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. त्या लांब, ठिपक्यांच्या शंखाचं नाव तरी कळावं. ज्यावरून तू हाक मारलीस त्याचं नावही मला माहीत नव्हतं. तिने एक मोठं चित्रांचं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं, परक्या भाषेतलं. मी उघडलं आणि फिरवून घेतलं. पुन्हा उघडलं, पुन्हा फिरवलं.

ती हसायला लागली. "काकू, उलटं धरलंय असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण खालची अक्षरं बघा, सरळ आहेत. काही देशांत शंख असाच काढतात, शेंडा खाली आणि तोंड वर. जुनी पद्धत आहे म्हणे त्यांची."

"म्हणजे तिकिटावरही?"

"तिकिटावर काय, सगळीकडेच. का हो?"

मी पुस्तक तसंच टाकून घरी आले. अल्बम काढला. शेवटचं पान. तो शंख होता तिथेच, शेंडा वर, मी लावला तसा. त्या देशाची अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. आकडा उलटा होता. लावताना मी तो बघितलाच नव्हता, मी शेंडा बघत होते. अल्बम फिरवला. आकडा सरळ झाला, आणि शेंडा खाली गेला.

नीट लिहिते, म्हणजे माझंही मला नीट कळेल. पाकिटावर शेंडा खाली होता. शेंडा खाली असतो तेव्हा या तिकिटाचा आकडा सरळ येतो. म्हणजे तिकीट सरळ लावलेलं होतं. शंख उलटा छापलेला होता, एवढंच. तू हाक मारली नव्हतीस. तू ठीक होतीस.

मी चहा टाकला. किती दिवसांनी चहाचा वास आला! तो गाळून कपात ओतेपर्यंत मी सुखी होते. लिहून ठेवते, तेवढा वेळ होते.

मग आठवलं की तुझे बाबा कसे होते. एकदा तू दोन शंखांचं तिकीट पाठवलं होतंस, एक थोराड आणि एक इवलासा. त्यांनी कार्डावर लिहिलं, "मिळालं. छान आहे. मोठा खोकतो, धाकट्याला सांभाळायला सांग." तिकिटात काही गंमत असली की ते गप्प बसूच शकायचे नाहीत. आणि ही तर तुमच्या दोघांच्याच खुणेवरची गंमत होती. उलटा शंख, सरळ तिकीट. तू ते मुद्दाम शोधून पाठवलं असणार. पोस्टाच्या खिडकीत सगळी तिकिटं सोडून तेवढंच मागितलं असशील, आणि बाबा आधी कसे दचकतील आणि मग कसे हसतील ते मनात बघत घरी गेली असशील. त्यांनी लिहिलं असतं, "शंख, माझा जीव घेतला असतास!" असंच काहीतरी.

आणि तुला आलं, "मिळालं. छान आहे."

'छ' चांगला जमला होता मला. पण त्या कार्डात तुझे बाबा नव्हते. म्हणून पाकिटं थांबली. तुला कळलं. बाबा गेल्याचं तुला आईकडून नाही, एका न केलेल्या विनोदावरून कळलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की घरात दुसरं कोण आहे, जे त्यांच्या नावाने लिहू शकतं.

तू तिथे एकटीच रडलीस. ते कोणत्या दिवशी, ते मला कधीच कळणार नाही. मी त्या दिवशी बटणं लावत असेन.

मी सगळं चुकीचं रचते आहे असंही असेल. तू घर बदललं असेल, नाहीतर पाकीट वाटेत हरवलं असेल. पण मी शिवणारी बाई आहे. तुकडा कुठे बसतो ते हाताला कळतं, आणि हा बसला.

चहा तसाच राहिला.


१० एप्रिल

हे पाचवं पत्र. आधीची चार यापूर्वीच निघाली आहेत, कशी ते सांगते.

दोन तारखेचं पत्र लिहून झालं तेव्हा उन्हं उतरली होती. चारही पत्रं समोर घेऊन बसले. प्रत्येकाच्या शेवटी उद्या टाकते असं मनात होतं, एकात तर लिहूनही टाकलं होतं. न टाकलेलं पत्र फार चांगलं असतं. त्याला उत्तर येत नाही, आणि उत्तर आलं नाही असंही होत नाही. तशी आणखी शंभर लिहीत बसले असते.

मग वाटलं, पाठवायची तर काय मागायचं? माफी? मी म्हटलं होतं, तोंड दाखवू नकोस. तू अकरा वर्षं ऐकलंस. एवढी आज्ञाधारक तू बाकी कशात कधीच नव्हतीस. ते शब्द मागे घेते असं लिहायला घेतलं, पण टाका उसवला तरी कापडाला भोकं राहतात. भोकं नाहीत असं तुला कसं सांगू? म्हणून ते खोडलं. ये म्हणायचा मला हक्क नाही. तुला यायचं असतं तर त्यांच्यासाठी आली असतीस, आणि ते उरले नाहीत, हे माझ्यामुळे तुला उशिरा कळलं.

मला न्यायला ये, असं तर मी कोणत्या तोंडाने म्हणू? एवढं मात्र खरं सांगते. या घरात मला आता राहवत नाही. सगळं जागच्या जागी आहे, सगळं सरळ आहे, आणि मला सकाळी उठायला कारण सापडत नाही. दूध उतू गेलं तरी कोणाला काय? चष्मा पुसते, आणि पुसलेल्या चष्म्यातून बघायला कोणी नाही. दवाखान्याच्या त्या वर्षीही मी एवढी एकटी नव्हते. तेव्हा खिडकीखाली येणारं कोणीतरी होतं.

ती खूण तुमची दोघांची. आत्याला ती कळत नव्हती, मलाही नाही. मी ती वापरली तर ते चोरीचंच होईल, त्यांच्या अक्षरासारखं. पण अक्षर चोरलं तेव्हा नाव त्यांचं लिहिलं होतं. या वेळी पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे.

कदाचित तू ते न फोडताच ठेवून देशील. कदाचित पत्ता बदलला असेल आणि ते शिक्के खाऊन इथेच परत येईल, आणि दाराखालून तेच आत सरकेल. त्यासाठीही मी मनाची तयारी केली आहे. तयारी केली म्हणजे काय, तर रोज पावलं वाजली की शिवणं थांबवते.

हे सगळं मी त्या संध्याकाळी ठरवलं असं नाही. त्या संध्याकाळी मी फक्त बसून राहिले. कागद तिकिटाला सोडतो तसं काहीतरी सुटेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले नाही. दूध तापवलं, पाणी भरलं. चारही पत्रं एका पाकिटात घातली आणि त्यांच्या वहीतून तुझा पत्ता उतरवला, माझ्या अक्षरात. पोस्टात जाऊन तिकीट घेतलं. आपल्याकडच्या तिकिटावर शंख नसतो, सरकारी इमारत असते. इमारतीचं एक बरं, उलटी असली तर ती कोणालाही कळते. खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, तिकीट उलटं लागलं."

"माहीत आहे."

"अजून ओलं आहे. काढून देऊ?"

"नको. राहू दे."

त्याने खांदे उडवले आणि शिक्का मारला. मी घरी आले, वही उघडली, शेवटच्या ओळीखाली तारीख घातली, शंखाच्या जागी रेघ ओढली आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, "उलटं."